कादंबऱ्यांतील वारसदार नायिका



कर्जतकडून मुंबईला जाणारी लोकल बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर करीत कल्याणला पोहोचेपर्यंत बायकांच्या डब्यात पुष्कळ कामे उरकलेली असतात. कोणी मटार सोलते, कोणी स्तोत्र म्हणते, कोणी विणकामाच्या दोन ओळी पुढे नेते, आणि कोणी दाराजवळच्या दांडीला धरून उभ्या उभ्या कादंबरी वाचते. हल्ली ती कादंबरी पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावर असते, एवढाच फरक. आज मला बोलायचे आहे ते या वाचणाऱ्या बाईविषयी, आणि तिला आवडणाऱ्या एका विशिष्ट तऱ्हेच्या कादंबरीविषयी.

कोणती ही कादंबरी? तुम्ही ती लगेच ओळखाल. काळ जुना असतो. वाडा असतो किंवा गढी असते. धनी वारलेला असतो, किंवा मरणाच्या दारी टेकलेला असतो. मुलगा नसतो, एकुलती एक मुलगी असते. दौलत तिची, जहागीर तिची, कमरेला किल्ल्यांचा जुडगा तिचा. मग सोयरेधायरे जमू लागतात. काका येतो, दिवाण येतो, एक लबाड राजपुत्र येतो आणि एक गरीब पण शूर तरुण येतो. तीनशे पानांनंतर लबाडाचा मुखवटा गळून पडतो, शूराच्या गळ्यात माळ पडते आणि पुस्तक संपते.

घरातली वडील माणसे म्हणतात, "काय गं, पुन्हा तीच का? नाव बदलले, वाडा बदलला, गोष्ट तीच!" आता गोष्ट तीच, हे खरे आहे. पण तीच गोष्ट माणसे दीडशे वर्षे पुन्हा पुन्हा का वाचतात, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आणि त्या गोष्टीत एक जागा अशी आहे की जिच्यावरून आपण सर्वजण घाईने पुढे जातो. तिथे आज थोडे थांबू.

प्रथम ही नायिका आपल्याकडे आली कुठून ते पाहू. आपण मराठीत 'कादंबरी' म्हणतो, तो शब्दच मुळी एका राजकन्येचे नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने संस्कृतात 'कादंबरी' लिहिली, तिची नायिका म्हणजे गंधर्वराज चित्ररथाची कन्या कादंबरी. पुढे मराठीत हा नवा गद्य कथाप्रकार आला तेव्हा त्याला नाव मिळाले ते या राजकन्येचे. यात एक गंमत आहे, बरे का. बाणभट्टाच्या हातून ही कथा पुरी झाली नाही. ती पुरी केली त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने. म्हणजे नायिका मुलगी असली, तरी तिच्या कथेचा वारस मात्र मुलगाच.

मराठीत १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. त्याच दशकात नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. या अद्भुतरम्य कादंबऱ्या. त्यांत सुंदर नायिका, संकटे, वियोग आणि शेवटी मीलन. १८७१ पासून रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही कादंबरी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून येऊ लागली, आणि मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. मग हरि नारायण आपटे आले. त्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि आठवड्याआठवड्याला वाचकांना गोष्टीच्या पुढच्या भागाची वाट पाहायला लावले.

हरिभाऊंच्या 'रूपनगरची राजकन्या' या ऐतिहासिक कादंबरीमागची हकीकत राजस्थानातली आहे. औरंगजेब बादशहाकडून मागणी येते, राजकन्येला ती मान्य नाही, आणि ती स्वतः उदेपूरच्या राणा राजसिंहाकडे धाव घेते. या नायिकेचे आकर्षण काय? दागिने? राजवाडा? मला वाटते, नाही. तिचे आकर्षण हे की ती 'नाही' म्हणते, आणि त्या 'नाही'ने मोठमोठ्या फौजा हलतात.

आता याच हरिभाऊंनी याच 'करमणुकी'तून दुसरीही एक नायिका दिली, 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू. मध्यमवर्गातली मुलगी, पुढे विधवा. तिच्यावर जुलूम होतो, तेव्हा तिच्यासाठी कोणी राणा धावून येत नाही. तिच्या 'नाही'ला घरात कोणी विचारीत नाही. एका लेखणीतून उतरलेल्या या दोन नायिका शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे वारसदार नायिकेची कादंबरी बायका का वाचतात ते उमगते. चाळीतल्या एका खोलीत सहा माणसांत राहणारी, स्वतःच्या पगारातून दहा रुपये बाजूला टाकले तरी त्याचा हिशेब देणारी बाई जेव्हा अशी गोष्ट वाचते, तेव्हा तिला हिरेमाणके नको असतात. आपल्या होकाराला आणि नकाराला वजन असणे कसे असते, हे ती तासभर अनुभवत असते. या तासाला वेळ फुकट घालवणे म्हणू नये.

पण मघाशी म्हटली ती जागा आता येते. माळ पडल्यावर पुस्तक संपते. मग त्या दौलतीचे काय झाले? किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला गेला? याचे उत्तर आपल्या कादंबऱ्या फारसे देत नाहीत. नायिका सुखी झाली, एवढे सांगून लेखक मोकळा होतो.

इंग्रजीत अशा नायिकांचा सुकाळच आहे, आणि त्याला कायद्याचे कारण होते. इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे झाले. त्यापूर्वी लग्न होताच बाईची रोकड आणि चीजवस्तू नवऱ्याची होई, आणि तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्या हाती जाई. श्रीमंत बापाने आधीच वकिलाकडून वेगळी व्यवस्था करून ठेवली असेल, तरच काही वाचे. म्हणून श्रीमंत मुलीशी लग्न हा तिथे एक धंदाच झाला होता. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' ही १८६० सालची कादंबरी याच धंद्यावर उभी आहे. तीत लॉरा नावाच्या वारसदार मुलीचा नवरा तिच्यापुढे एक घडी घातलेला कागद ठेवतो. सहीपुरती जागा उघडी, बाकी मजकूर झाकलेला. 'इथे सही कर,' म्हणतो. ती म्हणते, 'आधी मला वाचू दे.' तो संतापतो. ती सही करीत नाही. पुढे तिच्यावर काय काय प्रसंग येतात ते तुम्ही पुस्तकातच वाचा. पण त्या दालनातला तो प्रसंग लक्षात ठेवा. ना तलवार, ना घोडा, ना भुयार. एक कागद, एक टाक आणि न वाचता सही करायला नकार देणारी एक भित्री मुलगी. वारसदार नायिकेची खरी लढाई हीच.

तुम्ही म्हणाल, हे झाले पुस्तकातले. इतिहासात काय दिसते? इतिहासात दौलतीच्या वारस मुली फार थोड्या. तेराव्या शतकात वारंगळच्या काकतीय गणपतिदेवानंतर त्याची मुलगी रुद्रमादेवी गादीवर आली. पण शिलालेखांत तिचा उल्लेख 'रुद्रदेव महाराज' असा पुरुषी नावानेही येतो. राज्य मुलीने करायचे, तर नाव मुलाचे घ्यावे लागे.

आपल्याकडचे मोठे उदाहरण अहिल्याबाईंचे. १७६६ साली मल्हारराव होळकर वारले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचे म्हणणे पडले की, बाईंनी मूल दत्तक घ्यावे. म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती राहणार. राघोबादादा फौजेनिशी इंदूरच्या रोखाने निघाले. बाईंनी दत्तकाला नकार दिला, सरदारांना पत्रे धाडली, लढाईची तयारी ठेवली, आणि माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवले. देवळे आणि घाट आपण सर्व सांगतो. पण ते देवळे-घाट बांधता आले, कारण १७६७ साली बाईंनी आपला हक्क दुसऱ्याच्या हवाली केला नाही. हा भाग आपण मुलींना कमी सांगतो.

आणि मुंबईतच घडलेली एक हकीकत तर अशी आहे की ती कादंबरीकाराला सुचली असती, तर लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती आहे. रखमाबाईंची हकीकत. त्यांचा जन्म १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी पुनर्विवाह केला तो डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी, आणि तत्पूर्वी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली. म्हणजे रखमाबाई खऱ्याखुऱ्या वारसदार. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या मात्र माहेरीच राहिल्या, शिकल्या, आणि मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जाण्याचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर तो फिरला, आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. या भांडणामागे त्यांच्या मालमत्तेवरचा डोळा आहे, असे त्यांच्या बाजूने तेव्हा सांगितले गेले. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

कादंबरी असती तर इथे एखादा शूर तरुण आला असता. प्रत्यक्षात रखमाबाई विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. १९५५ साली, नव्वदी उलटल्यावर त्या वारल्या. वारसदार नायिकेच्या गोष्टीचा असाही शेवट होऊ शकतो, श्रोतेहो.

आता थोडे उल्हासनगरकडे वळू. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या मंडळींनी घरे सोडली, शेते सोडली, पण गोष्टी बरोबर आणल्या. शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यामुळे सिंधी घरांत ठाऊक असलेली लीला-चनेसरची कथा त्यांतलीच. कौंरू नावाची राजकन्या राजा चनेसरसाठी झुरते, दासीच्या वेषात राणी लीलाच्या महालात राहते, आणि एका रात्रीच्या बदल्यात राणीला आपला नवलखा हार देऊन टाकते. हाराच्या मोहापायी लीला नवरा गमावते. कथेचा बोल सगळा लीलावर. सूफी अर्थ लावणारे म्हणतात, हा जिवाच्या गर्वाचा आणि लोभाचा दाखला आहे. तो मोठा अर्थ आहेच. पण आपल्या आजच्या प्रश्नापुरते एवढे पाहा, की राजकन्येने आपले मोलाचे धन एका पुरुषासाठी देऊन टाकले, आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. मुलीने आपली दौलत सोडून द्यायची असते, हे सगळ्या गोष्टींनी इतके गृहीत धरले आहे.

त्या पिढीने आणखीही एक अनुभव घेतला. मागे राहिलेल्या घरादाराची भरपाई मिळवायची, तर 'क्लेम' दाखल करावा लागे. १९५४ साली त्या भरपाईचा कायदा झाला. तिथे आठवणी चालत नव्हत्या. मालकी कोणाची, याचा पुरावा लागत होता. वाडा केवढा होता यापेक्षा तो कोणाच्या नावे होता, हा प्रश्न आधी येतो, हे निर्वासिताला कळले तसे दुसऱ्या कोणाला क्वचितच कळले असेल.

हे सर्व मी का सांगत आहे? कारण कादंबरीतली ही नायिका आता लोकलच्या डब्यात उभी आहे, आणि पुष्कळदा तिला स्वतःलाच ते माहीत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला कालपर्यंत भातशेती होती त्या शिवारात आज सात-सात मजली आणि त्याहून उंच इमारती उभ्या आहेत. जमिनीला भाव आला. आणि भाव आला की आजोबांच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे लागतात, याची आठवण घरात होते. मग लग्न होऊन गेलेल्या बहिणीला निरोप जातो. भाऊ म्हणतो, "ताई, जरा तालुक्याला येऊन जा. एक सही हवी." त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचा, इतर धर्मीयांचे वारसा कायदे वेगळे आहेत. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईला मिळालेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची केली, आणि मृत्युपत्र न करता वडील वारले तर मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस ठरली. तरी एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीला दिला, मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. आणि त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

म्हणजे राजवाडा नसेल, जहागीर नसेल, दोन गुंठे असतील किंवा एक खोली असेल. पण वारस म्हणून आज पुष्कळ मुली कादंबरीतल्या नायिकेच्या जागी उभ्या आहेत. फरक एवढाच की कादंबरीतला लबाड माणूस दुरून ओळखू येतो. इथे समोर असतो तो सख्खा भाऊ, ज्याच्या मनगटावर आपण राखी बांधली. आणि सही मागणारा प्रत्येक भाऊ लबाड असतो असे मुळीच नाही. त्याने आईवडिलांचे दुखणेखुपणे काढलेले असते, शेत राखलेले असते. बहिणीलाही मनापासून वाटू शकते की, हे त्याच्याकडेच राहावे. तसे वाटले तर तिने खुशाल द्यावे. दान देणे हाही मालकीचाच एक हक्क आहे. पण दान आणि विसर यांत अंतर आहे. आपले होते हे कळून दिले, तर ते दान. आपले होते हेच ठाऊक नसता सही केली, तर त्याला दान म्हणता येत नाही. आणि 'सही केली नाहीस तर माहेर तुटेल' या धाकाने केली, तर ते दान खासच नव्हे.

म्हणून लॉराचे वाक्य तेवढे आपल्या जवळ ठेवावे. 'आधी मला वाचू दे.' यात भांडण नाही, अविश्वास नाही. कागदाची प्रत घरी आणावी, दोन दिवस ठेवावी, कोणा जाणत्याकडून समजून घ्यावी. हक्कसोडपत्र नोंदवावे लागते, आणि एकदा नोंदले गेले की ते फिरवणे फार कठीण. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायचेही कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करावी.

आता शेवटी पुन्हा पुस्तकांकडे. कोणी म्हणेल, मग या कादंबऱ्या टाकून कायद्याचीच पुस्तके वाचावीत काय? मी तसे म्हणणार नाही. कायद्याचे पुस्तक हक्क सांगते. तो हक्क अंगी लागायला आधी मनाला सवय लागते, की मीही कशाची तरी धनीण असू शकते, माझ्याही शब्दाला किंमत असू शकते. ही सवय कादंबरी लावते. म्हणून वाचा, भरपूर वाचा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आपल्या मार्गावर उभे आहे. बदलापूरचे ग्रंथसखा वाचनालय जुन्या दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी नावाजलेले आहे. आईने आणि मुलीने मिळून एकच कादंबरी वाचली, तर आणखी चांगले.

फक्त वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. नायिका कोणाला वरते हे तर पाहालच. पण तिच्या हातचा किल्ल्यांचा जुडगा शेवटच्या पानावर कोणाकडे गेला, तेही पाहा. लेखकाने सांगितले नसेल, तर मुलीला विचारा, "तुला काय वाटते गं, पुढे काय झाले असेल?" ती काय उत्तर देते ते ऐका. तिच्यापुढे उद्या कागद येईल, तेव्हा तेच उत्तर तिच्या उपयोगी पडेल.